ओटीत फॉगर फिरवला, पण जंतू किती मेले?

कोकणातल्या १५ खाटांच्या एका नर्सिंग होममधल्या ओटी (ऑपरेशन थिएटर) इन्चार्ज सिस्टरांचा प्रश्न असा आहे: ‘आमची ओटी २० बाय १५ फूट, उंची १० फूट. दोन स्प्लिट एसी आहेत. आधी फॉर्मॅलिन वापरायचो. आता ११ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सिल्व्हर नायट्रेटचं तयार औषध एकास चार पाण्यात मिसळून दर शनिवारी फॉगरने मारतो. कंपनीचा माणूस म्हणतो ९९.९९९९ टक्के जंतू मरतात. तरी दोन-तीन महिन्यांनी टेबलच्या नाहीतर एसीच्या स्वॅबमध्ये (तपासणीसाठी पुसून घेतलेल्या नमुन्यात) स्यूडोमोनास किंवा अ‍ॅसिनेटोबॅक्टर येतोच. फॉर्मॅलिनच बरं होतं का? या वाफेने जंतू खरंच किती मरतात?’

सिस्टर, पेरॉक्साइडची खरी वाफ असेल, पृष्ठभाग स्वच्छ आणि कोरडा असेल, तर सगळ्यात चिवट स्पोअरसुद्धा (जंतूंचं कवचबंद, सुप्त रूप) दहा लाखांतला एखादाच उरतो. कंपनीचा माणूस सांगतो तो आकडा या वाफेचा आहे. तुमचा फॉगर मात्र वाफ करत नाही, धुकं करतो. औषध तेच असलं तरी दोन्हींचं काम वेगळं.

आधी हिशेब. तुमची खोली ३००० घनफूट, म्हणजे ८५ घनमीटर. लेबलप्रमाणे १००० घनफुटांना एक लिटर धरलं तर तुम्ही तीन लिटर द्रावण सोडता. एकास चार मिसळल्यावर ११ टक्क्यांचं २.२ टक्के झालं, म्हणजे तीन लिटरमध्ये ६६ ग्रॅम पेरॉक्साइड. हे प्रमाण वाईट नाही. सगळं वाफ होऊन हवेत राहिलं असतं तर साधारण ५६० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५६० भाग) भरलं असतं, आणि वाफेची महागडी यंत्रं याच पट्ट्यात काम करतात. अडचण उरलेल्या पाण्याची आहे. २५ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २३ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात धरते. आर्द्रता ६० टक्के असेल तर त्यातले १४ ग्रॅम आधीच भरलेले. म्हणजे तुमच्या अख्ख्या खोलीत जागा उरली पाऊण लिटरची, आणि तुम्ही ओतता तीन लिटर. जुलैत, एसी बंद करून खोली लावून घेतली की आर्द्रता सहज ८५ टक्के असते. तेव्हा ही जागा ३०० मिलीवर येते. बाकीचं औषध थेंबांच्या रूपात खाली बसतं. सकाळी फरशी ओली, चिकट दिसते ती यामुळेच.

यंत्रवाल्या वाफेत ३० ते ३५ टक्क्यांचं द्रावण तापलेल्या पत्र्यावर थेंबाथेंबाने सोडून क्षणात उडवतात. त्यात एक ग्रॅम पेरॉक्साइडमागे साधारण दोन ग्रॅम पाणी असतं. तुमच्या द्रावणात एका ग्रॅममागे ४४ ग्रॅम पाणी आहे. शिवाय पेरॉक्साइडचा उत्कलनबिंदू १५० अंश, पाण्याचा १००. हवेत तरंगणाऱ्या थेंबातून पाणी आधी उडतं, पेरॉक्साइड मागे राहतं आणि थेंबाबरोबर खाली जातं. (यावर उपाय म्हणून ३५ टक्क्यांचं द्रावण साध्या फॉगरमध्ये घालायचं कुणाच्या मनात आलं तर आत्ताच सांगतो, अजिबात नको. कातडी पांढरी पडून भाजते, कापसावर सांडलं तर पेट घेऊ शकतं, आणि फॉगरचे भाग त्यासाठी बनवलेले नसतात.)

थेंब कुठे पडतात, हाही भाग आहे. १० मायक्रॉनचा थेंब सेकंदाला ३ मिलिमीटर खाली येतो. छतापासून फरशीपर्यंत यायला त्याला सतरा मिनिटं मिळतात, तेवढ्यात तो थोडाफार फिरतो. ५० मायक्रॉनचा थेंब चाळीस सेकंदांत खाली. जुन्या किंवा तुंबलेल्या नोझलमधून असेच जाड थेंब निघतात. दोन्हींची वाट वरून खाली. टेबलचा वरचा पत्रा भिजतो, खालची बाजू कोरडी राहते. बॉइल्स (भुलीच्या) मशीनची पाठ, मेयो ट्रॉलीच्या चाकांमधली खोबण, ओटी लाइटच्या हाताचे सांधे, ड्रॉवरचा आतला भाग इथे थेंब पोचतच नाही. वायू मात्र सगळीकडे सारखा पसरतो, तो खालून-मागून जातो. म्हणून ५-६ टक्के द्रावणाच्या चांगल्या, बारीक थेंबांच्या यंत्रांनाही खोलीत प्रत्यक्ष साधारण चार लॉगच्या आसपासच मजल मारता येते, तीही जागेनुसार कमी-जास्त, आणि खरी वाफ सहा लॉग गाठते.

हा ‘लॉग’ एकदा नीट समजून घ्या, कारण सगळी जाहिरात त्याच्यावर चालते. एक लॉग म्हणजे दहातले नऊ मेले. तीन लॉग म्हणजे हजारातला एक उरला, ९९.९ टक्के. सहा लॉग म्हणजे दहा लाखांतला एक उरला, ९९.९९९९ टक्के. मरण ठरावीक वेगाने होतं. दर दोन मिनिटांनी दहातले नऊ मरत असतील तर दहा लाखांवरून एकावर यायला बारा मिनिटं लागतात, आणि ती बारा मिनिटं तीव्रता टिकून राहावी लागते. मध्येच कुणी दार उघडलं, एसीची फट राहिली, पडद्याने पेरॉक्साइड शोषलं, की घड्याळ तसंच पुढे जातं पण लॉग पुढे जात नाहीत. आणि टक्केवारी कुठल्या जंतूची, कुठल्या पृष्ठभागावरची, हे विचारल्याशिवाय तिला अर्थ नाही. चकचकीत स्टीलवर सुकवलेल्या साध्या बॅक्टेरियाचे सहा लॉग आणि स्पोअरचे सहा लॉग यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

वाफेचं कौतुक करण्यासारखे आकडेही आहेत. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमधला २००४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बघा. एमआरएसए या औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूच्या रुग्णांच्या खोल्यांतून साफसफाईआधी ७४ टक्के स्वॅबमध्ये एमआरएसए मिळाला. नेहमीची साफसफाई झाल्यावरही ६६ टक्क्यांत. पेरॉक्साइडच्या वाफेनंतर १.२ टक्क्यांत. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पुढचं पाऊल टाकतो. आधी साफसफाई आणि मग वाफ दिलेल्या खोलीत दाखल झालेल्या रुग्णांना बहुऔषधरोधक जंतू चिकटण्याचं प्रमाण ६४ टक्क्यांनी कमी निघालं. दोन्हीकडे यंत्राची वाफ होती. हे आकडे थंड फॉगरच्या माहितीपत्रकावर छापलेले दिसले तर ते उसने आहेत.

आता ज्या गोष्टीवर सगळ्यात जास्त बोलायला हवं ती. उद्या सकाळी ओटी टेबलच्या पाय-भागाचं बिजागर टॉर्च लावून बघा. तिथे जो तपकिरी-काळपट थर दिसेल त्यावर औषधाचा एक थेंब सोडा. दोन-तीन सेकंदांत पांढरा फेस आला, तर ते बहुतेक वाळलेलं रक्त आहे. रक्तातलं कॅटलेज नावाचं एन्झाइम पेरॉक्साइड फोडून त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करतं. कॅटलेजचा एक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू संपवतो. म्हणजे तुमचं औषध त्या डागावर पडलं की जंतूपर्यंत जाण्याआधीच खर्ची पडतं, आणि डागाखालचे जंतू सुखरूप राहतात. जखमेवर फेस आला की औषध काम करतंय असं आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. इथे फेस म्हणजे औषध वाया जात असल्याची खूण. स्टॅफिलोकोकससारख्या जंतूंकडे स्वतःचंही कॅटलेज असतं. एकटा-दुकटा असेल तर ते पुरत नाही, पण दाट थरात बाहेरचे आतल्यांना वाचवतात. म्हणून स्पोअर मेले तरी मळाखालचा स्टॅफ उरू शकतो.

तेव्हा फॉगिंगच्या आधीचं पुसणं हेच निम्म्याहून जास्त काम. मावशींना फक्त ‘कार्बोलायझेशन करून घ्या’ (जंतुनाशकाने पुसून घ्या) सांगून भागत नाही. रक्त सांडलेल्या जागी १ टक्का हायपोक्लोराइट, दहा मिनिटं. मग सगळीकडे डिटर्जंटचं पाणी आणि घासणं, वरून खाली, लाइटपासून चाकांपर्यंत. मग साध्या पाण्याने पुसून हायपो आणि साबण काढणं, कारण क्लोरीन आणि पेरॉक्साइड एकमेकांना संपवतात. मग पूर्ण कोरडं होऊ देणं. टेबलची गादी काढून तिच्या दोन्ही बाजू, बिजागरं जुन्या टूथब्रशने. हे झाल्याशिवाय फॉगर आत आणू नका.

मग तुमचा स्यूडोमोनास कुठून येतो? स्यूडोमोनास ओलाव्यात राहणारा. अ‍ॅसिनेटोबॅक्टर ओल्यातही राहतो आणि कोरड्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे तग धरतो. स्वॅब एसीचा येतो म्हणता, तर स्प्लिट एसीचं पुढचं झाकण उघडून पाणी साचणाऱ्या ट्रेमध्ये बोट फिरवा (हातमोजा घालून). बुळबुळीत लागलं तर तो बायोफिल्म, म्हणजे जंतूंनी स्वतःभोवती केलेला चिकट थर आहे. फॉगिंगच्या वेळी एसी बंद, पट्टी मिटलेली, म्हणजे औषध तिथे जात नाही. आणि गेलं तरी त्या बुळबुळीच्या वरच्या थरात संपतं. सोमवारी सकाळी एसी सुरू केला की पंखा तिथली हवा थेट टेबलावर टाकतो. मेकॅनिकला बोलावून ट्रे, कॉइल आणि ब्लोअर धुऊन घ्या, निचऱ्याच्या नळीला उतार आहे का बघा. पावसाळ्यात हे महिन्याला हवं. याच यादीत सक्शनची बाटली आणि नळी, ऑक्सिजनची ह्युमिडिफायर बाटली, स्क्रबच्या नळाचं तोंड, आणि ओटीत ओला ठेवलेला मॉप. मॉप धुऊन उन्हात वाळवला नाही तर प्रत्येक पुसण्याबरोबर फरशीवर नवी पेरणी होते.

स्वॅबचाही भरवसा तपासा. फॉगिंगनंतर लगेच घेतलेल्या स्वॅबवर पेरॉक्साइड आणि चांदीचा अंश येतो, तो ट्यूबमध्ये जंतूला वाढू देत नाही, आणि रिपोर्ट ‘नो ग्रोथ’ येतो. लॅबला न्यूट्रलायझर असलेला ब्रॉथ (जंतू वाढवायचं द्रव) मागा. डे-एंगली ब्रॉथ चालतो, त्यातलं थायोसल्फेट आणि थायोग्लायकोलेट हे अंश निकामी करतात. लॅबकडे ते नसेल तर त्या स्वॅबवरून औषधाचं कौतुक करू नका. नाहीतरी कुठलंही कारण नसताना दर महिन्याला सरसकट स्वॅब घेत राहण्याला अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २००३ पासूनच नकार दिलेला आहे. जंतू सापडला तर त्याचं मूळ शोधायला स्वॅब घ्यावा, रजिस्टर भरायला नाही.

फॉगिंग काम करतं की नाही हे बघायचं तर स्पोअरची चकती लागते. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसचे दहा लाख स्पोअर स्टीलच्या चकतीवर, टायव्हेकच्या (वाफ आत जाऊ देणाऱ्या कृत्रिम कापडाच्या) पाकिटात. ‘पेरॉक्साइड वाफेसाठी’ असं स्पष्ट लिहिलेली घ्या. ऑटोक्लेव्हसाठी तुमच्याकडे ज्या कागदी स्ट्रिप असतात त्यात जंतू हाच असला तरी त्या इथे चालत नाहीत. कागद पेरॉक्साइड शोषतो आणि निकाल बिघडतो. काचेच्या बंद कुपीवाल्या तर मुळीच नाहीत, वाफ आत शिरणार कुठून? दहा चकत्या पुरे. टेबलखाली, ड्रॉवरमध्ये, बॉइल्स मशीनमागे, लाइटवर, दारामागच्या कोपऱ्यात, एसीच्या पट्टीजवळ, आणि फॉगरपासून सगळ्यात लांबच्या फरशीवर. दोऱ्याने लटकवा, टायव्हेकची बाजू मोकळी हवेत राहील अशी. एक चकती खोलीबाहेर ठेवा, ती वाढलीच पाहिजे, नाहीतर सगळी चाचणी बाद. नंतर जांभळ्या रंगाच्या ब्रॉथमध्ये ५५ ते ६० अंशांवर सात दिवस. पिवळं झालं म्हणजे स्पोअर जगले. लॅबच्या नेहमीच्या ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये हा जंतू वाढत नाही, त्यामुळे तिथे ठेवून ‘सगळे मेले’ असा आनंद करू नका. टेबलखाली तीन चकत्या एकत्र ठेवलेल्या बऱ्या. एखाद्या चकतीवर स्पोअर एकावर एक साचलेले असतात, ती एकटीच पिवळी झाली तर दोष चकतीचा असू शकतो. तिन्ही पिवळ्या झाल्या तर फॉगिंगचाच. रंग बदलणारी रासायनिक पट्टी स्वस्त आहे, पण तिथे पेरॉक्साइड पोचलं एवढंच ती सांगते.

तुमच्या २.२ टक्के धुक्याने दहा लाखांच्या चकत्या सगळीकडे मराव्यात अशी अपेक्षा ठेवू नका. दहा हजार स्पोअरच्या चकत्याही मिळतात, त्या बरोबर लावा. लाइटवरच्या मेल्या आणि टेबलखालच्या जगल्या, असं चित्र बहुधा दिसेल. ते दिसलं की हाताने कुठे पुसायला हवं याचा नकाशा तुमच्या हातात आला.

औषधाची ताकदही एकदा मोजा. उन्हात तापलेल्या गोडाऊनमधून आलेला कॅन लेबलवर ११ टक्के असला तरी आत किती उरलंय कोण जाणे. जवळच्या कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये पाच मिनिटांचं काम आहे. १ मिली औषध डिस्टिल्ड पाण्याने १०० मिली करायचं, त्यातलं १० मिली घेऊन पातळ सल्फ्युरिक आम्ल घालायचं, आणि डेसिनॉर्मल पोटॅशियम परमँगनेटने फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत टायट्रेशन. परमँगनेटचा एक मिली १.७ मिलिग्रॅम पेरॉक्साइडला पुरतो. साडेसहा मिली लागले तर औषध ११ टक्के आहे. चार मिलीतच गुलाबी टिकला तर पावणेसात टक्क्यांवर आलंय. मिसळायला बोअरचं पाणी वापरत असाल तर बंद करा. त्यातलं लोह पेरॉक्साइड फोडतं आणि क्षार नोझल बुजवतात. डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी घ्या, मिसळलेलं त्याच दिवशी संपवा. कॅनचं झाकण मुद्दाम सच्छिद्र असतं, ते बदलून घट्ट बूच लावलं तर कॅन फुगतो.

खोलीत त्या वेळी काय नसावं? पुठ्ठ्याचे खोके, केस पेपर, सुती पडदे, लिननचे गठ्ठे. हे सगळं पेरॉक्साइड शोषतं आणि नंतर तासन्‌तास सोडत राहतं. फॉगिंग करण्याआधी एसी दोन तास चालवून आर्द्रता उतरवा, पन्नास रुपयांच्या वस्तूपेक्षा बरा हायग्रोमीटर आत ठेवा आणि आकडा लिहून ठेवा. मग एसी बंद, फटींना टेप. फॉगर एकाच कोपऱ्यातून न चालवता अर्ध्या वेळानंतर समोरच्या कोपऱ्यातून चालवा. त्याचं तोंड थेट भिंतीवर किंवा यंत्रावर नको, खोलीच्या मोकळ्या भागात तिरकं वर. मात्र जागा बदलायला माणूस आत पाठवू नका, कार्ट्रिजचा मास्क या पातळीला पुरत नाही. त्यासाठी दोन फॉगर टायमरवर लावा.

आत केव्हा जायचं ते नाकावर सोडू नका. आठ तासांच्या कामासाठी पेरॉक्साइडची मर्यादा सरासरी १ पीपीएम आहे आणि ७५ पीपीएम जिवाला तात्काळ धोक्याची पातळी मानतात. वास जवळजवळ येत नाही. इलेक्ट्रोकेमिकल सेन्सरचा छोटा मीटर घ्या. खोली हवेशीर करून आकडा एकच्या खाली आला की दार पंधरा मिनिटं बंद ठेवा आणि परत मोजा. गादीने शोषलेलं पेरॉक्साइड बाहेर येत असेल तर आकडा पुन्हा चढतो.

फॉर्मॅलिनचं म्हणाल तर मारण्यात ते कमी नव्हतं. ३० घनमीटरला ५०० मिली फॉर्मॅलिन आणि एक लिटर पाणी उकळून, किंवा १७० ते २०० ग्रॅम परमँगनेट घालून, ६ ते १२ तास खोली बंद, ही जुनी रीत. तो खरा वायू, फटीतही जातो. त्याला २० अंशांपेक्षा जास्त तापमान आणि ७० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते, म्हणजे कोकणातला पावसाळा पेरॉक्साइडला जितका वैरी तितका फॉर्मॅलिनला सोयीचा. पण आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ साली त्याला माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. पांढरी पॅराफॉर्मल्डिहाइडची पूड यंत्रांवर बसते, आठवडाभर वायू सोडत राहते. अमोनियाने मारलं तर हेक्झामाइनची वेगळी पूड. परमँगनेटची बादली उसळून आग लागण्याचा धोका तर आहेच. परत जाऊ नका.

आणि दर शनिवारी फॉगिंग हवंच का? सीडीसीच्या २००३ च्या मार्गदर्शक सूचना रुग्णसेवेच्या जागी जंतुनाशक फॉगिंग करू नका असं सांगतात. वाफेची नवी यंत्रं त्या मनाईत येत नाहीत, हे त्यांनी पुढे स्पष्ट केलं. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये कोविडच्या संदर्भातही पृष्ठभागांवर नेहमीची फवारणी-फॉगिंग नको असंच म्हटलं. गँगरीनची केस झाली, बांधकाम झालं, एखादा बहुऔषधरोधक जंतू सापडला, तर नीट पुसून मग फॉगिंग जोडीला ठेवा. यंत्राची वाफ भाड्याने देणारे शहरात मिळतात. वर्षातून दोनदा त्यांना बोलावणं तुमच्या बावन्न शनिवारांपेक्षा स्वस्त पडतं का, ते अकाउंट्सच्या टेबलावर बसून बघा. पण कराराच्या कागदात स्पोअर चकत्यांचा निकाल त्यांनी द्यायचा, आणि चकत्या कुठे टांगायच्या ते तुम्ही ठरवायचं, हे लिहून घ्या. नाहीतर सगळ्या चकत्या यंत्राच्या तोंडासमोर टांगल्या जातात.

या शनिवारी मात्र आधी एसीचे ट्रे.